मागील इंजिनाची प्रवाहरेखित मोटार : टाट्रा ७७ ते नॅनो

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावातील प्रवासी ज्या तीनचाकी रिक्षातून ये-जा करतो, तिचे इंजिन बहुधा आसनामागे असते. पुण्याच्या बजाज ऑटोने अशी रिक्षा १९७७ मध्ये बाजारात आणली. त्यामुळे मागील इंजिन ही स्वस्त वाहनाची रचना होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः १९३४ मध्ये ती एका महागड्या मोटारीत वेगासाठी योजिली गेली. प्रस्तुत लेखात या रचनेची कारणमीमांसा केली आहे.

रचनेमागील विचार :
वाहनाचा वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. हा रोध कमी करण्यासाठी वाहनाचा पुढील भाग गोलसर व मागील भाग क्रमशः निमुळता असावा लागतो. झेपेलिन विमानबांधणीशी संबंधित असलेल्या पॉल याराय यांनी हे तत्त्व मोटारीस लावले. निमुळत्या शेपटीत प्रवासी बसू शकत नाहीत. मात्र इंजिन मावते. इंजिन मागे गेल्याने पुढचा भाग खाली उतरविता येतो, मागील चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा अनावश्यक ठरतो आणि तळ सपाट राहतो.

टाट्रा ७७ :
चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचे अभियंते हान्स लेडविंका व एरिख युबेलाकर यांनी या विचारास मूर्त रूप दिले. सुमारे ३ लिटर क्षमतेच्या, हवेने थंड होणाऱ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती अवघी ६० अश्वशक्तीच्या आसपास होती. तरीही मोटार ताशी सुमारे १४० किलोमीटर वेग गाठू शके. परंतु मागील चाकांच्याही पाठीमागे असलेल्या इंजिनाच्या भारामुळे वेगात वळण घेताना मागील भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका असे. १९३६ च्या टाट्रा ८७ मध्ये लांबी व वजन घटवून हा दोष सौम्य करण्यात आला.

महाराष्ट्रातील पुनरावृत्ती :
टाटा व टाट्रा यांतील नामसाम्य केवळ योगायोग आहे; टाट्रा हे एका पर्वतराजीचे नाव होय. तथापि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत सादर झालेल्या टाटा नॅनोतही ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन मागेच होते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांपुढे प्रश्न वेगाचा नव्हता. सुमारे ३.१ मीटर लांबीत चौघांना ऐसपैस बसविणे व मूळ किंमत एक लाख रुपयांवर रोखणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

निष्कर्ष :
टाट्राने इंजिन मागे नेले ते वाऱ्यासाठी. नॅनोने नेले ते जागेसाठी व खर्चासाठी. एकच रचना धनिकाच्या वेगाची आणि सामान्याच्या गरजेची उत्तरे देऊ शकते. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात एखादी रचना प्रथम कोणी केली, यापेक्षा ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारली गेली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.