लातूरच्या खोलीतली मालिका टीआरपीत येत नाही

टीआरपीच्या मोजणीचा विषय दिल्लीने पुन्हा काढला. केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये २०१४च्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा मांडला. देशात सुमारे २३ कोटी घरांत टीव्ही आहे आणि मोजणीची यंत्रं आहेत ५८ हजार, हे मंत्रालयानेच तेव्हा सांगितलं. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक. मोजणीत नव्या संस्थांनाही उतरता यावं, असं मसुद्याचं म्हणणं होतं. यावर जाहिरातदार बोलले, वाहिन्या बोलल्या. नांदेड-लातूरकडे मालिका बघणाऱ्या बायांचं यात काय, हे कुणी विचारलेलं दिसलं नाही.

लातुरात दहावीनंतर ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी आलेल्या मुलामुलींबरोबर अनेकदा आईही येते. भाड्याची एक खोली, गॅस, दोन पातेली आणि नीटची पुस्तकं. खोलीत टीव्ही मुद्दामच नसतो. लेकराचा अभ्यास मोडायला नको. टीव्ही राहतो गावाकडच्या घरी, शेत बघायला थांबलेल्या बापाजवळ, आणि त्यावर बातम्या लागतात. इकडे संध्याकाळी लेकरू क्लासला गेलं की आई कणिक मळून ठेवते, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवते आणि एका कानात इअरफोन घालते. दुसरा कान दाराकडे. झी मराठीची मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाहची जिओहॉटस्टारवर. हे बघणं ॲपच्या कंपनीला कळतं, पण दर गुरुवारी ज्या आकड्यांवर मालिकेचं नशीब ठरतं, त्यांत ते धरलं जात नाही. २०१५ पर्यंत तर देशातली खेडीच या मोजणीबाहेर होती. खेडी आत आली आणि आता खेड्यातून शहरात खोली करून राहिलेली ही बाई बाहेर राहिली.

तिची मतं मात्र पक्की असतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या खोलीतलीशी रात्रीच्या भागाचा हिशेब होतो. नवी मालिका आली की पहिल्याच आठवड्यात निकाल लागतो: नायिका रात्री झोपतानाही काठपदरात कामून, सासू दाराआड उभी राहून किती दिवस ऐकणार, एवढ्या मोठ्या वाड्यात भांडी घासायलीय कोण. भाकरी थापायचा प्रसंग आला की सगळ्यांचं लक्ष हातांकडे जातं. ज्वारीच्या पिठाला पाणी कसं लावलंय यावरून त्या नटीची पारख होते आणि या परीक्षेत फार थोड्या उत्तीर्ण होतात.

सीमेवरच्या तालुक्यांतली गोष्ट तर आणखी पुढची. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कळणारी घरं आहेत, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. मराठीत ‘नवी’ म्हणून येणारी मालिका पुष्कळदा दुसऱ्या भाषेत आधी होऊन गेलेली असते. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आली, ‘लक्ष्मी निवास’ आणि ‘कमळी’ कन्नडवरून; बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली ‘आई कुठे काय करते’ तर पाच वर्षं चालली. मूळ मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे ठाऊक असतं. तरी तो बघतो, कारण त्याला आता गोष्टीपेक्षा ती मराठी घरात कशी बसवली हे बघायचं असतं. मालिका लिहिणाऱ्यांना याहून चांगला परीक्षक मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. नक्कल केली म्हणून तो रागावत नाही. त्याची तक्रार असते ती आपल्यासारखं घर त्यात कुठंच दिसत नाही, ही.

आणि ही तक्रार खरी आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूर दाखवलं, ‘लागिरं झालं जी’ने सातारा, ‘रात्रीस खेळ चाले’ने सावंतवाडीजवळचं आकेरी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपूरची होती. मराठवाड्याची बोली रंगभूमीवर लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून एकट्याने गाजवली, मकरंद अनासपुरे यांनी सिनेमात नेली. रोजच्या मालिकेत ती आली तर नोकराच्या किंवा विनोदी मामाच्या तोंडी. मुंबईहून चित्रीकरणाला सातारा जवळ पडतो, नांदेड रात्रभराच्या प्रवासावर, हे खर्चाचं कारण मला समजतं. पण संवाद लिहायला नांदेडला सेट लावावा लागत नाही.

मालिकांमध्ये वटपौर्णिमा येते, मंगळागौर येते. येळवस माझ्या पाहण्यात कधी आली नाही. त्या दिवशी, मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, सगळं गणगोत शिवारात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, मग भज्जी, आंबील, उंडे यांची पंगत बसते. वर्षभर अबोला धरलेले भाऊबंदही त्या दिवशी एका बांधावर जेवायला बसतात. मालिकेच्या लेखकाला आणखी काय हवं?

आपलं माणूस दिसलं की मराठवाडा कसा उसळतो, हे वाहिन्यांनी पाहिलेलं आहे. २००८-०९च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत अंतिम पाचात होता, मत एसएमएसने जायचं, आणि एरवी गाण्याच्या वाटेला न जाणारे लोक इथं त्याच्या सुरांवर वाद घालत होते. २०२४ मध्ये बाभळगावच्या देशमुखांचा रितेश ‘बिग बॉस मराठी’चं सूत्रसंचालन करू लागला, तेव्हा एरवी त्या कार्यक्रमाला नाकं मुरडणारी घरंही शनिवार-रविवारी टीव्हीसमोर बसली.

म्हणून मोजणी वाढवाच. मोबाइलवरचं बघणंही त्यात धरा. पण यंत्र फार तर कोण किती वेळ बसलं ते सांगेल. ती बाई मधेच का उठली, हे सांगणार नाही. ते ऐकायला माणूसच यावा लागेल. मुंबईहून रात्री निघालेली लातूर एक्स्प्रेस सकाळी इथं पोचते. वाहिन्यांनी नवी मालिका सुरू करण्याआधी तिच्या लेखकाला एकदा त्या गाडीत बसवावं, आणि जमलं तर येळवशीच्या आदल्या रात्री.