ठासणीची बंदूक न पेटण्याची कारणे

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या कास्तकारांच्या गावी, जेथे उभ्या पिकाची राखण हा नित्याचाच प्रश्न असतो, तेथे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणार्थ स्पष्ट उल्लेखिलेली ठासणीची बंदूक ऐनवेळी का पेटत नाही, याचे सामान्य ज्ञान परवानाधारकास उपयुक्त ठरावे.

चाप ओढताच घोडा टोपीवर आदळतो आणि त्यातून उत्पन्न झालेली ज्वाला पोकळ खुंटीतून, बंदुकीच्या कानावाटे, नळीच्या तळाशी ठासलेल्या दारूपर्यंत पोहोचते; या मार्गात कोठेही व्यत्यय आला की बार होत नाही. टोपीच न वाजल्यास ती दमट झालेली वा खुंटीवर अर्धवट बसलेली, किंवा घोड्याची कमान अशक्त झालेली असते. टोपी वाजूनही बार न झाल्यास कानात तेल अथवा काजळी साचलेली, किंवा सोरा, कोळसा व गंधक यांची ती दारू सर्दावलेली असण्याचा संभव अधिक. जळलेल्या दारूचा मळ हवेतील ओल शोषून घेतो व लोखंड गंजवितो, म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्णपणे वाळवून, तेलाचा पुसट हात द्यावा आणि भरण्यापूर्वी तो निःशेष पुसून काढावा.

बार फसल्यास मात्र बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेस रोखून किमान एक मिनिट स्तब्ध राहावे, कारण दारू विलंबानेही पेटू शकते; आणि नवी टोपी लावूनही उपयोग न झाल्यास, भरलेली नळी उकरण्याचे साहस न करता जाणत्या, परवानाधारक कारागिराचे साहाय्य घ्यावे.