पडद्यावरचा ठिपका आणि वॉरंटीतली बारीक अक्षरं

सिनेमातला रात्रीचा प्रसंग, पडदा काळाभोर आणि त्यावर एकच हिरवा ठिपका, जागचा न हलणारा. मॉनिटर नवा कोरा, तरी सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘एक ठिपका वॉरंटीत बसत नाही.’ ग्राहकाला वाटतं, आपल्याला टोलवलं. पण ही अट खरोखरच कागदावर असते.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. एलसीडीत या प्रत्येक उपपिक्सेलचा प्रकाश एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, म्हणजे असे ट्रान्झिस्टर बासष्ट लाखांवर. बनवताना धुळीचा एखादा कण आड आला, की त्यातला एक निकामी होतो. मग तो उपपिक्सेल कायम पेटलेला राहतो किंवा कायम विझलेला. पेटलेला जास्त छळतो. त्यातही हिरवा, कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील आहे.

एका ठिपक्यापायी अख्खं पॅनेल टाकून द्यायचं, तर किमती चढणार. म्हणून २००१ मध्ये आयएसओ १३४०६-२ या मानकाने पडद्यांचे चार वर्ग पाडले. पहिल्यात एकही दोष चालत नाही. दुसऱ्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले पिक्सेल आणि उपपिक्सेलचे पाच दोष चालतात. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ मालिकेने घेतली, पण वर्गांची पद्धत टिकली.

खरी गोम ‘दर दहा लाख’ या शब्दांत आहे. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात. दुसऱ्या वर्गाचा जुना हिशेब तिथे जसाच्या तसा लावला, तर सोळा पेटलेले पिक्सेलही ‘चालतात’! जास्त पैसे मोजणाऱ्याने जास्त दोष सोसायचे, हे मला अजिबात पटत नाही. डेलसारखी कंपनी काही मॉनिटरवर एक पेटलेला पिक्सेल दिसला तरी पॅनेल बदलून देते. म्हणजे हे अशक्य नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी विचारा: किती ठिपक्यांना बदली मिळेल? उत्तर लेखी घ्या. घरी आल्याबरोबर पूर्ण पडद्यावर काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग आणून पाहा. ठिपका दिसला तर फोटो काढा, बिल जपा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी दुकान गाठा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.