छोट्या बोअरच्या बंदुकांच्या चामडी पेट्या : दुरुस्ती आणि जतन यांचा मागोवा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ठासणीच्या बंदुका महोगनी किंवा ओक लाकडाच्या चौकोनी पेटीत ठेवल्या जात, आणि त्या पेटीत बंदुकीइतकीच जागा दारूची कुपी, छर्‍यांची थैली, टोप्यांची डबी आणि ठासणीचा गज या सरंजामाला द्यावी लागे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनात लफोशे या फ्रेंच कारागिराची मध्यावर उघडणारी आणि मागच्या बाजूने काडतूस भरावयाची बंदूक मांडली गेली, तिच्या धर्तीवर जोसेफ लँग या बंदूककाराने लंडनमध्ये काम सुरू केले, आणि पुढील वीस वर्षांत काडतुसाने दारूच्या कुपीला कायमची रजा दिली. बंदुकीचे तीन भाग, म्हणजे जोडनळ्या, कळयंत्रासह दस्ता आणि नळीखालची लाकडी पट्टी, आता सहज वेगळे होत असल्यामुळे पेटी आखूड आणि चपटी झाली. रेल्वेने शिकारीच्या मुलखात जाणार्‍या माणसाला ती सामानात टाकता येऊ लागली, आणि प्रवासाचे धक्के सोसण्यासाठी लाकडावर जाड चामडे मढवण्याची पद्धत रूढ झाली. या पेट्या जशा जुन्या होत गेल्या तशी त्यांच्या दुरुस्तीची विद्याही आकाराला आली, आणि येथे मागोवा घ्यावयाचा आहे तो मुख्यतः या विद्येचा.

प्रथम बोअर म्हणजे काय हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. नळीच्या पोकळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि एका पौंडात अशा जितक्या गोळ्या भरल्या, तितका त्या नळीचा बोअर. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरचा १५.६ आणि अठ्ठावीस बोअरचा १४ मिलिमीटर असतो. ‘चारशे दहा’ या नावाने ओळखल्या जाणार्‍या आणखी बारीक नळीला मात्र हा हिशेब लागू नाही, तिचा आकडा इंचाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे ०.४१० इंच असा थेट व्यास सांगतो. बारा बोअर ही इंग्रजी शिकारीची सर्वसाधारण बंदूक होती, तर वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहा या छोट्या बोअरच्या बंदुका स्त्रिया, शिकाऊ मुले आणि छोटे पक्षी नमुन्यासाठी टिपणारे पक्षिशास्त्रज्ञ यांच्या हाती अधिक असत. त्या संख्येने कमी, म्हणून त्यांच्या मापाच्या मूळ पेट्याही कमी, आणि पुढे जतनाचा जो अवघड प्रश्न उभा राहिला त्याचे मूळ या दुर्मिळतेत आहे.

पेट्यांचे दोन ठळक प्रकार सांगता येतात. पहिल्या प्रकारात ओकच्या फळ्यांचा खोका करून त्यावर चामडे चिकटवले आणि शिवले जाई, कोपर्‍यांना पितळी पत्रे ठोकले जात, आणि अशी पेटी रिकामी असतानाही जड भरत असे. दुसर्‍या प्रकारात पातळ लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर चामडे घालून हलकी पेटी केली जाई. बकर्‍याच्या तंगडीच्या आकाराची, एका टोकाला रुंद आणि दुसर्‍या टोकाला निमुळती होत गेलेली पेटी याच कुळातली होय. मोटारीचा प्रवास वाढल्यावर हलक्या पेटीची मागणी वाढली, आणि १९२० च्या दशकात रॉबर्ट चर्चिल या लंडनच्या बंदूककाराने २५ इंची आखूड नळ्यांचा पुरस्कार केल्यावर पेटीची लांबीही काही ठिकाणी घटली.

आतली रचना अधिक अर्थपूर्ण आहे. पेटीच्या तळाशी लाकडी आडपट्ट्या बसवून कप्पे पाडले जात आणि ते सर्व लाल, निळ्या किंवा हिरव्या बनातीने, म्हणजे घट्ट विणीच्या लोकरी कापडाने, मढवले जात. नळ्यांचा कप्पा, दस्त्याचा कप्पा, तेलाची कुपी, पेचकस, सफाईचा गज आणि त्याचे ब्रश यांच्या जागा ठरलेल्या असत. झाकणाच्या आत बंदूककाराचा छापील कागद किंवा सोनेरी ठशाचे चामडी पत्र चिकटवलेले असे, आणि त्यावरील पत्ता हा काळ ठरवण्याचा मोठा आधार ठरतो. पर्डी या लंडनच्या बंदूककारांचे दुकान १८८० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटवरील ऑडली हाउसमध्ये गेले, त्यामुळे ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता असलेला कागद आणि ऑडली हाउसचा पत्ता असलेला कागद यांतून पेटीचा कालखंड ओळखता येतो, अर्थात कागद मूळचा असेल तर. छोट्या बोअरच्या पेटीत आणखी एक पुरावा असतो: जोडनळ्यांचा कप्पा बारा बोअरच्या कप्प्याहून अरुंद असतो आणि कळयंत्राची खाचही लहान असते, म्हणून बनातीखालच्या आडपट्ट्या पाहूनच ती पेटी कोणत्या मापाच्या बंदुकीसाठी केली होती हे जाणकाराला कळते. अठ्ठावीस बोअरचा मूळ ब्रश किंवा चारशे दहाचा बारीक गज त्याच्या जागी सापडणे ही संग्राहकाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे, कारण हे लहान सामान सर्वांत आधी हरवते.

या पेट्यांचा नाश ज्या रोगाने झाला त्याला जतनशास्त्रात ‘रेड रॉट’ म्हणतात. वनस्पतीच्या साली, पाने किंवा फळे यांतील टॅनिनने कमावलेले चामडे या रोगात तांबूस भुकटी होऊन झडू लागते. लंडनच्या अथेनियम क्लबातील कातडी सामान असे झिजत असल्याचे पाहून मायकेल फॅरडे यांनी १८४३ मध्येच दिव्यांसाठी जळणार्‍या कोळशाच्या वायूतील गंधकाकडे बोट दाखवले होते. हवेतील गंधकाचे ऑक्साइड चामड्यात शिरते, तेथे त्याचे गंधकाम्ल बनते आणि ते तंतूंची घडण आतून तोडत जाते. चांगल्या चामड्याचे आम्लमान, म्हणजे पी-एच, साधारण चारच्या आसपास किंवा वर असते, रोगट चामड्याचे तीनच्याही खाली उतरते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने या प्रश्नावर नेमलेल्या समितीचा अहवाल १९०१ मध्ये आला. तो पुस्तकबांधणीच्या चामड्याविषयी असला तरी त्याचा निष्कर्ष सर्वच कमावलेल्या कातड्यांना लागू पडतो: टॅनिनच्या दोन कुळांपैकी एक कूळ आम्लापुढे लवकर हार मानते, दुसरे तग धरते.

येथे महाराष्ट्राशी खरा संबंध येतो. त्या अहवालाने सर्वांत कमकुवत ठरवलेल्या कातड्यांत हिंदुस्थानातून जाणारी, तरवडाच्या सालीने कमावलेली बकरी-मेंढ्यांची कातडी होती. हाच तरवड दख्खनच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरलेला दिसतो. याउलट तग धरणार्‍या कुळात सह्याद्रीतला हिरडा मोडतो, आणि तो मुंबई इलाख्यातून ब्रिटनच्या चर्मालयांकडे मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते, ही जोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना कोणत्या झाडाची साल वापरली यावर चामड्याचे आयुष्य ठरते हे वेगळे सांगावे लागत नाही. बंदुकीच्या चांगल्या पेट्यांचे जाड चामडे इंग्लंडातच ओकच्या सालीच्या हौदांत कमावलेले असे आणि ते पातळ कातड्यापेक्षा बरेच टिकले. डेव्हन परगण्यातील कॉलिटन येथील बेकर यांचे चर्मालय आजही त्या रीतीने काम करते, आणि एक जाड कातडे तयार व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास उपचारांचे जे पर्व सुरू झाले त्याचा मुख्य आधार तेल-मेण होता. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेचे हॅरोल्ड प्लेंडरलीथ यांनी चामडी बांधणीच्या जतनावर १९४६ मध्ये लिहिलेली पुस्तिका सर्वत्र वाचली गेली, आणि लोकरीची चरबी, मधमाश्यांचे मेण व देवदार जातीच्या लाकडाचे तेल यांचे मिश्रण ग्रंथालयांपासून बंदुकीच्या दुकानांपर्यंत पोहोचले. त्या काळी ते योग्यच होते, कारण कोरडे चामडे तडकते हे डोळ्यांना दिसत होते. पण तेलाने आम्ल जात नाही. शिवाय दर वर्षी थरावर थर चढवलेले चामडे काळवंडते, चिकट होते, धूळ धरते, आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर पांढरी चरबी फुटून येते. पितळी कुलपाला लागलेली चरबी तांब्याशी संयोग पावून हिरवे मेणचट किटण तयार करते आणि ते शिवणीत उतरते. खोगिराच्या साबणाने धुण्याची सवय याहून घातक ठरली, कारण रोगट चामड्याला पाणी लागताच ते काळे पडते, आकसते आणि कडक होते, आणि हा बदल पुन्हा उलटवता येत नाही.

डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरकट धुक्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि नव्याने शिरणारे गंधक कमी होऊ लागले. आधीच शिरलेले मात्र चामड्यातच राहिले. १९७८ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे चर्मजतनासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले, आणि नंतरच्या दशकांत उपचाराचा रोख मऊपणाकडून बळकटीकडे वळला. भुकटी होणारे चामडे सांधून धरण्यासाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा पदार्थ मद्यार्कात विरघळवून ब्रशने पाजण्याची पद्धत रूढ झाली. त्यात पाणी नसल्याने काळे पडण्याचा धोका टळतो आणि पृष्ठभागाचा रंगही फारसा बदलत नाही. मॅरियन काइट आणि रॉय थॉमसन यांनी संपादित केलेला चर्मजतनावरील ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या सर्व अनुभवाला एकत्रित शास्त्राचे रूप आले.

संग्रहालयांत हे घडत असताना व्यापारातला कारागीर आपल्या वाटेने चालला होता, आणि त्याच्या कौशल्याचा मान राखूनच त्याच्या कामाची परीक्षा केली पाहिजे. पेटीत सर्वांत आधी तुटते ती मूठ, कारण सगळे वजन तिच्या दोन टोकांच्या शिवणीवर येते. चांगला कारागीर जुना दोरा कापून काढतो, मेणवलेला नवा लिनन दोरा दोन सुयांत ओवतो आणि आरीने नवी भोके न पाडता जुन्याच भोकांतून दोन्ही बाजूंनी टाका ओढतो; नवी भोके पाडली तर कमकुवत झालेले चामडे त्या ओळीवरच फाटते. कोपरा उखडला असेल तर नव्या चामड्याची कड रापीने कागदाइतकी पातळ तासून ती जुन्या चामड्याखाली सरकवली जाते आणि गव्हाच्या खळीने किंवा सरसाने चिकटवली जाते, कारण ही दोन्ही चिकटद्रव्ये पुढे कधी सोडवायची वेळ आली तर ओलाव्याने सुटतात, जे आधुनिक रासायनिक गोंदाच्या बाबतीत घडत नाही. लोखंडी खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग हा टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा असतो. तो घासून जात नाही, आणि जाऊ देण्याचा अट्टहास केला तर चामड्याचा वरचा थरच जातो.

खरा वाद मात्र आतल्या बनातीचा आहे. छोट्या बोअरच्या मूळ पेट्या दुर्मिळ आणि बारा बोअरच्या पेट्या मुबलक, म्हणून एखाद्या चांगल्या अठ्ठावीस बोअरच्या बंदुकीसाठी बारा बोअरची जुनी पेटी घेऊन तिच्या आडपट्ट्या काढायच्या, अरुंद कप्पे पाडायचे, नवी बनात लावायची आणि जमल्यास शोभेसा कागदही झाकणात चिकटवायचा, ही व्यापारातली सर्रास चाल झाली. बंदुकीच्या संरक्षणापुरते पाहिले तर नव्या कप्प्यांत वावगे काही नाही, आणि ते उघड सांगून केले तर त्यावर आक्षेपही घेता येणार नाही. पण जुना कागद किंवा नकली कागद लावून ती जोडी मूळची म्हणून पुढे केली जाते तेव्हा एका बंदुकीचा इतिहास नष्ट होतो आणि दुसर्‍या बंदुकीला खोटा इतिहास मिळतो. छोट्या बोअरच्या अस्सल पेटीत कसर लागलेली, फाटकी, फिकी पडलेली बनात ही नव्या कोर्‍या बनातीपेक्षा अधिक मोलाची आहे, कारण तिच्यावर नळ्यांच्या दाबाने उमटलेली पोकळी आणि तेलाचे डाग ही त्या पेटीची साक्ष आहे. हे मत आता जाणकारांत बळावत चालले आहे आणि ते योग्य आहे.

हिंदुस्थानात या पेट्या मुख्यतः साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या सामानाबरोबर आल्या. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या लंडनच्या मोठ्या दुकानाने १८९१ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली, तेव्हा शिकारीचे विलायती सामान येथेच मिळू लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि वाड्यांच्या माळ्यांवर राहिलेल्या पेट्यांचा शत्रू गंधकाऐवजी दमटपणा ठरला. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की चामड्यावर बुरशी धरते, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून बरीच वर असते. लाकडाला वाळवी, बनातीला कसर आणि सरसाला झुरळे असा तिहेरी हल्ला त्यात भर घालतो. आम्लयुक्त चामडे आणि ओलावा धरणारी बनात यांच्या सान्निध्यात पोलादी नळीला गंज चढतो, म्हणून परवानाधारकाने बंदूक कायम पेटीत ठेवणे कोणत्याही हवामानात इष्ट नाही, आणि आपल्या हवामानात तर नाहीच.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी तिला तेल किंवा पाणी लावण्याच्या मोहात पडू नये. मऊ ब्रशने धूळ झटकावी, हवेशीर आणि कोरड्या खोलीत जमिनीपासून वर ठेवावी, आणि कारागिराकडे देण्यापूर्वी आतल्या कागदाची, आडपट्ट्यांची व बनातीची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. बनात काढावीच लागली तर तिचा प्रत्येक तुकडा, तुटलेल्या मुठीचा दोरा आणि निखळलेले खिळे एका पाकिटात घालून पेटीबरोबरच परत मागावेत.