घरदुरुस्तीचा हिशेब, भाग ५ : आधी भिंतीच्या आतलं, मग बाहेरचं

मागच्या आठवड्यात आपण स्वयंपाकघराची मापं घेतली. उदाहरणाचं घर तेच ठेवू : १९९०च्या दशकात बांधलेली सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ८ बाय १० फुटांचं स्वयंपाकघर, १० फुटी सरळ ओटा आणि ओट्यावर खिडकी. आता प्रश्न पैशांचा. किती लागतील हा अर्धाच प्रश्न झाला. ते कोणत्या क्रमाने बाजूला काढायचे, हा त्याहून महत्त्वाचा.

बहुतेक घरांत हिशेब शोरूममध्ये सुरू होतो. शटरचा रंग पसंत पडतो, ट्रॉल्या ओढून बघितल्या जातात, आकडा ठरतो आणि उरलेल्या पैशांत प्लंबर, वायरमन, गवंडी कसेबसे बसवले जातात. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा. शटर पाच वर्षांनीही बदलता येतं. टाइल्समागचा पाइप बदलायचा तर नव्या कोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात. एकदा झाकलं की पुन्हा हाताला लागणार नाही, अशा कामाचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढा.

त्या काळातल्या इमारतींत पाण्याचे पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. पंचवीस-तीस वर्षांत ते आतून गंजतात, धार बारीक होते, जोडाशी पाझर सुरू होतो. डॅडोच्या टाइल्स काढणारच असाल तर हे पाइप मुळीच ठेवू नका. सीपीव्हीसीची लाइन घाला, त्यातून गरम पाणीही नेता येतं. नवी लाइन पाण्याने भरून, तोंडं बंद करून, रात्रभर दाबाखाली ठेवायला सांगा आणि सकाळी प्रत्येक जोड स्वतः हाताने चाचपून बघा. मग भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटो काढा. उद्या चिमणी किंवा मांडणी लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे त्या फोटोंवरून कळतं.

सिंक खिडकीखालून समोरच्या भिंतीला नेऊ, असं अनेकांना वाटतं. त्याची किंमत कोटेशनमध्ये 'सिंक शिफ्टिंग' एवढ्या एका ओळीत असते, पण खर्च त्या ओळीत मावत नाही. सांडपाण्याच्या पाइपला साधारण ४० फुटांना १ फूट उतार लागतो. म्हणजे सिंक १० फूट लांब नेलं तर ३ इंचांची उंची कुठून तरी आणावी लागते. ती फरशी उचलून आणतात, मग स्वयंपाकघराच्या दाराशी पायरी येते. शिवाय नवा पाइप खालच्या घराच्या छतावरून जातो. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, पण तुमच्या घरातल्या लाइनमुळे खाली पाणी उतरलं तर ते काम तुमच्या खर्चाने होतं. सिंक आहे त्याच भिंतीला ठेवा, हा सल्ला मी दहापैकी नऊ जणांना देईन.

विजेचंही तसंच. तेव्हाच्या स्वयंपाकघरात मिक्सरला एक आणि फ्रिजला एक पॉइंट पुरायचा. आज चिमणी, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, इंडक्शन आणि कुठे कुठे डिशवॉशरही. २००० वॉटचं इंडक्शन २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतं. जुन्या छोट्या सॉकेटवर ते चालवणं धोक्याचं आहे. १६ अँपिअरच्या पॉइंटला निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि ती थेट डीबीपासून स्वतंत्र एमसीबीवर यायला हवी. आज उपकरण नसलं तरी पॉइंट आजच काढून ठेवा. ओट्याच्या वर चार आणि खाली दोन मोठे पॉइंट, याहून कमी ठेवू नका.

पाइपचा गॅस असेल तर लाइन सरकवायचं काम फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं. त्याचा अर्ज आणि शुल्क आधीच धरा. ती लाइन टाइल्समागे लपवायचा आग्रह कोणत्याही डिझायनरने केला तरी ऐकू नका.

आता कोटेशनमध्ये सहसा न सापडणारी बाब : राडारोडा. ८ बाय १० म्हणजे ८० चौरस फुटांची फरशी काढली आणि तिच्याखालचा थर, फरशीसकट, ३ इंचांचा धरला, तर २० घनफूट माल निघतो. त्याचं वजन टनाच्या आसपास जातं. पस्तीस किलोची एक गोणी धरली तर तीस-एक गोण्या होतात, शिवाय जुना ओटा आणि डॅडो वेगळे. हे सगळं जिन्याने तीन मजले खाली जाणार आणि तितकीच वाळू, सिमेंट, टाइल्स वर येणार. त्याची हमाली, टेम्पो आणि टाकण्याची परवानगी असलेली जागा, तिन्हींचे पैसे लागतात. २०१६च्या केंद्रीय नियमांनी बांधकामाच्या कचऱ्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. नाल्याकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी रातोरात गोण्या रिकाम्या करणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, पण त्याला काम देऊ नका. पावसाळ्यात त्याच नाल्याचं पाणी वस्तीत शिरतं.

यानंतर फर्निचर. सर्वांत मोठी रक्कम इथे असते आणि सर्वांत जास्त घोळही इथेच होतो, म्हणून जरा सावकाश बघू. मॉड्युलर किचनचा दर साधारणपणे समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर लावतात. ओट्याखालचा भाग १० फूट लांब, अडीच फूट उंच : २५ चौरस फूट. वरची कपाटं १० बाय २ : २० चौरस फूट. माळ्याची दारं १० बाय २ : आणखी २०. एकूण ६५. हिशेबापुरता चौरस फुटाला १६०० रुपये दर धरला तर १,०४,००० रुपये.

पण ओट्यावर खिडकी आहे. समजा ती ४ फुटांची आहे आणि चिमणीला २ फूट लागतात. मग वरची कपाटं १० फूट कशी भरतील? ती ४ फूटच राहतात, म्हणजे २०ऐवजी ८ चौरस फूट. एकूण ५३ आणि रक्कम ८४,८००. भिंतीची लांबी सरसकट मोजल्यामुळे १९,२०० रुपयांचा फरक पडला. कोटेशन हातात आलं की टेप घेऊन प्रत्येक आकडा भिंतीवर मोजून बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असेल तर ८४,८००चे १,००,०६४ होतात. कारागिराची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला तो लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दरात काय धरलंय, तेही एकेक करून विचारा. ट्रॉल्या, चॅनल, बिजागऱ्या, हँडल हे बहुधा वेगळे असतात. ट्रॉल्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्या आहेत की २०२च्या, हे कागदावर हवं. २०२ला आपल्या ओल्या ओट्याखाली लवकर गंज धरतो. प्लायवर नुसता 'वॉटरप्रूफ' शब्द पुरेसा नाही. मरीन प्लायच्या प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह आणि 'आयएस ७१०' हा क्रमांक असतो. कापण्याआधी शीट घरी येते तेव्हा तो बघा, कापल्यावर बघून उपयोग नाही.

इथे एक मोठी बचत आहे आणि ती शोरूममध्ये कोणी सुचवत नाही. जुन्या ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या शाबूत असतील तर त्या ठेवा. कडाप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्या खणांना नुसती शटरं आणि ट्रॉल्या बसवल्या की प्लायचे खोके करायचा खर्च वाचतो. सिंकखाली तर मी नव्या घरातही कडाप्पाच घालायला सांगेन. प्लाय सर्वांत आधी कुजतो तो तिथेच.

ओट्याचा ग्रॅनाइट १० बाय २ म्हणजे २० चौरस फूटच, पण दुकानदार अनेकदा अख्खा स्लॅब लावतो. तसं असेल तर उरलेले तुकडे मागून घ्या, ते खिडकीच्या कट्ट्याला लागतात. कडेच्या पॉलिशचे आणि सिंकच्या कापाचे पैसे वेगळे. टाइल्स दहा टक्के जास्त आणि सगळ्या एकाच बॅचच्या घ्या.

स्वयंपाकघर निदान तीन आठवडे बंद राहील. तेवढे दिवस चार माणसांचा डबा किंवा पोळी-भाजी केंद्राचं बिल हा दुरुस्तीचाच खर्च आहे, तो हिशेबात लिहा. आणि एकूण रकमेच्या १५ टक्के वेगळे ठेवा. दहा-बारा वर्षांच्या इमारतीत १० चालतील. फोडकाम संपून भिंतीत काय आहे ते दिसेपर्यंत या पैशांना हात लावायचा नाही, भारीतला नळ कितीही आवडला तरी.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीबरोबरचा लेखी करार आणि पैशांचे हप्ते बघू. तोवर ज्यांच्याकडे कोटेशन आलं आहे त्यांनी ते देणाऱ्याला एवढंच विचारा : यात काय काय धरलेलं नाही? त्याचं उत्तर त्याच कागदावर, त्याच्या सहीनिशी लिहून घ्या.