जलपर्णी किती पसरेल? पाचपट्टे यांची असमता समजून घेताना

भोपाळचा बडा तलाव आणि छोटा तलाव मिळून भोज पाणथळ होते. २००२ साली तिची रामसर यादीत नोंद झाली. अशा तलावांच्या कडेने जलपर्णी माजते. आज ती एक एकरावर आहे आणि महिनाभर कोणी हात लावला नाही, तर किती पसरेल? या साध्या प्रश्नातून अवकल समीकरणांच्या, म्हणजे बदलाचा वेग सांगणाऱ्या समीकरणांच्या, अभ्यासातलं एक हत्यार नीट समजतं. ते घडवलं औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातले गणितज्ञ बी. जी. पाचपट्टे यांनी.

जलपर्णीच्या वाढीचा नेमका वेग कधीच हाती लागत नाही. ऊन, थंडी, पाण्यात मिसळलेलं सांडपाणी, सगळ्यांनी तो बदलतो. पण एवढं सांगता येतं की रोजची वाढ असलेल्या जलपर्णीच्या, समजा, एक दशांशापेक्षा जास्त नसते. हा आकडा मी उदाहरणापुरता धरला आहे. म्हणजे आपल्याजवळ समीकरण नाही. ‘जास्तीत जास्त इतकं’ असं विधान आहे. अशा विधानाला गणितात असमता म्हणतात. त्यातून महिनाअखेरीबद्दल खात्रीने काही सांगता येईल का?

येतं. स्वीडिश गणितज्ञ थॉमस हाकोन ग्रोनवाल यांनी १९१९ मध्ये आणि रिचर्ड बेलमन यांनी १९४३ मध्ये ते दाखवलं. ज्याची वाढ स्वतःच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त नाही, ते चक्रवाढीने वाढणाऱ्या राशीला कधीच मागे टाकू शकत नाही. आपल्या उदाहरणात एका एकराचे दहा दिवसांनी फार तर २.७ एकर होतील आणि तीस दिवसांनी सुमारे २० एकर.

या छोट्या नियमावर केवढं तरी उभं आहे. एकाच समीकरणाची दोन उत्तरं एकाच बिंदूपासून निघाली, तर ती पुढे वेगळी होऊ शकतात का? त्यांच्यातल्या अंतराची वाढ त्या अंतराच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त नसेल, तर त्या अंतरालाच हा नियम लावा. सुरुवातीचं अंतर शून्य, म्हणून कमाल मर्यादाही शून्य, उत्तर एकच. आणि सुरुवातीच्या मोजणीत थोडी चूक झाली असेल, तर ती पुढे फार तर किती फुगेल, तेही यातूनच कळतं. गतिकी प्रणालींचा, म्हणजे काळानुसार बदलत जाणाऱ्या प्रणालींचा, अभ्यास करणारा माणूस दिवसभर असलेच प्रश्न विचारत असतो.

आता अडचण पाहा. जलपर्णी मरते, तळाशी कुजते आणि तिच्यातली पोषकद्रव्यं पाण्यात परततात. आजची वाढ मग आजच्या जलपर्णीवर तर अवलंबून असतेच, शिवाय आजवर साचत आलेल्या सगळ्या भूतकाळावरही असते. समीकरणात स्मृती शिरली की नुसता ग्रोनवाल-बेलमन यांचा नियम सरळ लागू पडत नाही, कारण भूतकाळाची बेरीज म्हणजे समाकल आता दुसऱ्या समाकलाच्या पोटात जाऊन बसलेला असतो.

पाचपट्टे यांनी १९७३ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात नेमकी ही गाठ सोडवली. युक्ती इतकी सरळ आहे की वाचताना आनंद होतो. आजची जलपर्णी आणि साचलेली स्मृती वेगवेगळ्या ठेवू नका. दोन्हींची बेरीज करून तिलाच एक नवी राशी माना. ही राशी दोन वाटांनी वाढते. जलपर्णी वाढते म्हणून बेरजेच्या एक दशांशाने, आणि स्मृतीत रोज भर पडते म्हणून आणखी, समजा, जलपर्णीच्या दोन शतांशाने. जलपर्णी या बेरजेपेक्षा मोठी असूच शकत नाही, त्यामुळे बेरजेची रोजची वाढ तिच्या स्वतःच्या बारा शतांशांपेक्षा जास्त नाही, असं म्हणता येतं. झालं! स्मृती दिसेनाशी झाली आणि जुना नियम पुन्हा लागू पडला. बेरजेवरची मर्यादा मिळाली की एक पाऊल मागे येऊन जलपर्णीवरची मर्यादा काढायची.

दहा दिवसांना मर्यादा येते २.९ एकर; आधीच्या २.७ च्या जवळच. पण तीस दिवसांना ती ३०.७ एकर होते, आधीच्या विसाच्या दीडपट. स्मृतीचा परिणाम सुरुवातीला जाणवत नाही आणि नंतर एकदम अंगावर येतो.

औरंगाबादला हे काम व्हावं यामागे तिथली परंपराही आहे. गणितज्ञ व्ही. लक्ष्मीकांतम १९६०च्या दशकात काही काळ याच विद्यापीठात होते. एस. लीला यांच्यासह त्यांनी लिहिलेला अवकल व समाकल असमतांवरचा ग्रंथ १९६९ मध्ये आला. पाचपट्टे मात्र याच एका वाटेवर आयुष्यभर चालले. शेकडो शोधनिबंध, आणि १९९८, २००५, २००६ अशी एकामागून एक आलेली जाडजूड पुस्तकं. समाकलांच्या जागी दिवसागणिक बेरजा असल्या तर काय, एकाऐवजी दोन चल असले तर काय, वाढ सरळ पटीत नसली तर काय, अशा प्रत्येक प्रश्नासाठी त्यांनी तयार असमता मांडून ठेवल्या. स्मृती असलेलं समीकरण पुढ्यात आलं की संशोधक ही पुस्तकं उघडतो, आपल्याला जुळणारी असमता शोधतो आणि कामाला लागतो. ‘पाचपट्टे-प्रकारच्या असमता’ हे शब्द आज देशोदेशीच्या शोधनिबंधांच्या शीर्षकांत सापडतात. मराठी वाचकाला गणितज्ञ कापरेकर ठाऊक असतात; हे नावही ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ही मर्यादा म्हणजे भाकीत नव्हे. आपल्या उदाहरणातले आकडे अगदी तंतोतंत धरून समीकरण सोडवलं, तर तीस दिवसांचं उत्तर २९.३ एकर येतं. मर्यादा होती ३०.७. हा एक-दीड एकराचा ढिलेपणा आला तो जलपर्णीच्या जागी तिच्याहून मोठी बेरीज ठेवली त्या एका पायरीवर. साठ दिवसांवर जा: खरं उत्तर ९८१ एकर, मर्यादा १,११६. दिवस वाढतील तशी फट रुंदावते. मर्यादा कधी खोटी ठरत नाही, पण ती किती आवळता येईल हा प्रश्न उरतोच, आणि पुढच्या संशोधकांना तो आजही कामाला लावतो आहे.