शहरातील परडे आणि शेतकऱ्याचा हिशेब

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांचे एक पाऊल आता खेड्यात आणि दुसरे बेळगाव शहरात आहे. मुलगा नोकरीला लागतो, ३० बाय ४० फुटांच्या जागेवर घर बांधतो आणि आईवडिलांना घेऊन जातो. घराच्या मागे आणि बाजूला पाच-सहा फुटांची पट्टी उरते. ज्याने जन्मभर भात, बटाटा आणि भुईमूग पिकवला त्याला ही पट्टी म्हणजे पोरखेळ वाटतो. सहा महिन्यांनी पाहावे तर भेंडी काठीसारखी वाढलेली, फळ नाही, आणि भाजी अजून बाजारातूनच येते. हात तोच, बी तेच, मग बिघडते कुठे?

पहिली गोष्ट उन्हाची. शेतात ऊन सगळीकडे सारखे, म्हणून आपण त्याचा कधी हिशेब करत नाही. शहरात तोच आधी करावा लागतो. बेळगावात मे महिन्याच्या सुरुवातीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत घराच्या उत्तरेकडची पट्टीही उन्हाने तापते, आणि ती पाहून लोक तिथेच वाफे आखतात. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो. २० फूट उंच घराची सावली ऐन बारा वाजता उत्तरेला १६ फुटांपर्यंत पडते. भाजीचा खरा हंगाम हिवाळ्याचा, आणि नेमकी तेव्हाच ती पट्टी दिवसभर अंधारात! म्हणून कुदळ उचलण्याआधी एक दिवस सकाळपासून दर दोन तासांनी सावलीच्या कडेला खुंट्या ठोकाव्यात, आणि हे काम हिवाळ्यात करावे. जिथे सहा तास ऊन मिळते तिथे वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी आणि दोडक्याचा मांडव. चार तास मिळाले तर माठ, पालक, मेथी, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तिथे आळू आणि पुदिना लावावा, उगाच वांग्याशी झटू नये.

दुसरी गोष्ट मातीची. घर बांधताना वरची काळी माती ट्रॉलीतून निघून जाते किंवा पायातून निघालेल्या मुरमाखाली गाडली जाते. वर चुना, सिमेंट आणि विटांचे तुकडे पडतात. चुनखडी वाढली की लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाहून आपला माणूस गावाकडच्या सवयीने मूठभर युरिया टाकतो. जरा गणित करून पाहा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. एकरी ४५ किलोची एक गोणी म्हणजे चौरस फुटाला जेमतेम एक ग्रॅम, नखावर मावेल एवढी चिमूट. कुंडीत टाकलेली मूठ म्हणजे एकरी चाळीस गोण्या झाल्या. मुळे करपली नाहीत तरच नवल.

तेव्हा माती इथे तयारच करावी लागते. या बाबतीत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (निधन २००१) यांचे मोठे ऋण आहे. ते गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवाराच्या द्वारे त्यांनी शेतकऱ्यांना ऊन, पान आणि माती यांचा हिशेब मांडायला शिकवले, आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते असा आग्रह धरला. त्यांच्या परंपरेतील अमृतजल करायला सोपे आहे: दहा लिटर पाणी, एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस ठेवून रोज तीन वेळा ढवळावे आणि दहा पट पाणी घालून वापरावे. त्यात वाळका पालापाचोळा एक दिवस भिजवून त्याचे थर द्यावेत, मधून मधून मूठ-मूठ माती पसरावी आणि झाकून ठेवावे. पाचेक महिन्यांत काळीभोर, भुसभुशीत माती मिळते. स्वयंपाकघरातील देठ-सालीही त्यात जिरतात, मात्र ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाचोळा हवा, नाहीतर दुर्गंधी सुटते. मासळी आणि हाडे घालू नयेत, उंदीर येतात. या मातीचे फूटभर उंच वाफे करावेत. आपल्याकडच्या पावसात सपाट वाफा म्हणजे डबकेच.

मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी अशाच उरल्यासुरल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. गच्ची वापरणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. म्हणून तिथे रसवंतीवरची उसाची चिपाडे आणि नारळाचा काथ्या जास्त, माती थोडी.

पाण्याबाबत मात्र मुळीच सूट नाही. गटाराचे किंवा नाल्याचे पाणी पालेभाजीला कधीही देऊ नये. कावीळ, विषमज्वर आणि जंत त्याच वाटेने घरात येतात, आणि पहिला बळी लहान मुलांचा जातो. अंघोळीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडावे. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि उघडे डबे आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच आठ-दहा दिवसांत तयार होतो.

फळझाडांत आंबा-फणसाचा मोह आवरावा. शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले. एक कलमी लिंबू, एक केळ आणि दोन पपया पुरेत. खाल्लेल्या पपईचे बी लावले तर नर निघण्याचा संभव असतो, म्हणून एका आळ्यात तीन रोपे लावावीत. लांब लोंबत्या देठांवर फुले आली की ते नर समजून काढावे. जागा असल्यास शेवगा लावावा. पी.के.एम.-१ ही जात बियांपासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देते, आणि तिच्या पाल्याची भाजी तर त्याआधीच मिळते. आपल्या घरांतील पुष्कळ मुली आणि बाळंतिणी रक्त कमी असल्यामुळे थकलेल्या असतात. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. लगेच घेतलेला चहा तेच लोह अडवतो, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको.

जानेवारीत पाचोळ्याचा ढीग रचला तर जूनच्या पेरणीला माती हाताशी येते. तेव्हाच पानगळही सुरू होते. शेजारी झाडून जाळायला ठेवलेला पाला मागून आणावा; सहसा कोणी नाही म्हणत नाही.